उलटी ओवाळणी

पाडव्याच्या संध्याकाळी बाबांसाठी पाट मांडतात, भोवती रांगोळी काढतात. आई ओवाळते, मग मुली ओवाळतात. बाबा ताटात ओवाळणी घालतात. कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा हा सोहळा आमच्या ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यात घरोघरी होतो आणि मला तो फार आवडतो. वर्षभर गाडीच्या वेळेवर जगणारा माणूस त्या संध्याकाळी निवांत बसलेला असतो आणि सगळं घर त्याच्याकडे बघत असतं. तरी त्यात एक जागा मला रिकामी दिसायची. वस्तू किंवा पैसे देणारे तेवढे बाबाच. मुलग्यांना तर त्या सोहळ्यात कामच नसे. ते फुलबाज्यांची पेटी हातात घेऊन कधी एकदा हे संपतंय याची वाट बघत. ही जागा मुलांच्या हातच्या एखाद्या वस्तूने भरावी असं मला वाटू लागलं. त्यासाठी माझ्या हाताशी एक तास होता.

डोंबिवलीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी चित्रकला आणि कार्यानुभव शिकवत होते. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात हाताच्या कामाला शाळेच्या अभ्यासात जागा मागितली, त्यातून कार्यानुभव हा विषय रुजला. त्याच्याही आधी, १९३७ मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हात आणि बुद्धी एकत्र वाढवणाऱ्या शिक्षणाचा आग्रह धरला होता. एवढी मोठी परंपरा मागे असूनही वेळापत्रकात आमचा तास बहुधा शेवटचा असतो. सहामाही परीक्षा आटोपली की सुट्टी लागेपर्यंतचे दिवस मात्र पूर्ण आमचे. बाकावर घोटीव कागद, पतंगी कागद, बांबूच्या काड्या, खळीची वाटी. वर्गभर आकाशकंदील लटकत असतात. त्या दिवसांत मी मुलांना सांगू लागले, यंदा पाडव्याला ओवाळून झालं की बाबांना काहीतरी द्यायचं. मुलींनीही आणि मुलांनीही. सातवीच्या एका मुलीने त्याला नाव दिलं, ‘उलटी ओवाळणी’, आणि तेच टिकलं.

जूनच्या तिसऱ्या रविवारी येणारा फादर्स डे आमच्या मुलांना ठाऊक होता. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात १९ जून १९१० रोजी तो पहिल्यांदा साजरा झाला, तो सोनोरा स्मार्ट डॉड हिच्या प्रयत्नांनी. आई गेल्यावर वडिलांनी एकट्याने भावंडांना वाढवलं, याची जाण तिने त्या दिवसातून जागवली. तिथे त्याला कायमची सरकारी मान्यता मिळाली १९७२ मध्ये. त्या लेकीची भावना मला अगदी जवळची वाटते. पण आपल्याकडे तो रविवार येतो शाळा उघडण्याच्या धामधुमीत. नवी वह्या-पुस्तकं, फी, रेनकोट, पहिला पाऊस आणि रुळांवरचं पाणी. शिवाय त्या दिवसासाठी मुलं मोबाइलवर बघून जी कार्डं करत, त्यांवर एक मिशी आणि एक टाय असे. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील फिटर होते, कारकून होते, रिक्षा चालवत होते, दुकानात मापं घेत होते, पोलिसात होते, कल्याणच्या लोकोशेडमध्ये इंजिनं दुरुस्त करत होते. टाय घालून कामाला जाणारे फार थोडे. त्या कार्डावरचा बाप वर्गातल्या जवळजवळ कुणाच्याच घरी राहत नव्हता.

म्हणून उलट्या ओवाळणीचे नियम वेगळे ठेवले. पहिला नियम, दुकानातून काही आणायचं नाही. जुन्या लग्नपत्रिका, बुटांचे खोके, औषधांची रिकामी पाकिटं, शिंप्याकडची चिंध्यांची पिशवी, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, यातूनच काय ते करायचं. थर्माकोल आधी वर्गात भरपूर असे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली आणि पुठ्ठ्याला त्याचा मान परत मिळाला. दुसरा नियम, वस्तू बघून ती आपल्याच बाबांची आहे हे ओळखू आलं पाहिजे. तिसरा नियम सगळ्यांत महत्त्वाचा होता: वस्तू घेतल्यावर बाबांना काहीतरी करावं लागलं पाहिजे. उलगडावं, शोधावं, ओळखावं, खेळावं. नुसतं ‘छान आहे हं’ म्हणून कपाटावर ठेवता येईल अशी वस्तू चालणार नाही.

पहिल्या नियमामागे माझं शिक्षण होतं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शंखशिंपले, बिया, खडे, पानं अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं. अध्यापक विद्यालयात ते वाचलं तेव्हापासून मला खात्री आहे की मुलाच्या घरात जे पडलेलं असतं त्यात त्याला शिकवण्यापुरतं सगळं असतं. दुसऱ्या नियमाने मात्र मुलांना अडचणीत आणलं, आणि खरं काम तिथेच सुरू झालं. आपल्या बाबांची म्हणून ओळखता येईल अशी वस्तू करायची तर बाबा ठाऊक हवेत.

मी मुलांना घरी प्रश्न घेऊन पाठवायचे. बाबा कितीची गाडी पकडतात? डब्यात कुठे उभे राहतात? दुपारी जेवायला कुणाबरोबर बसतात? कामावर त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात? त्यांच्या हातावरचा हा डाग कशाचा? लहान असताना ते काय खेळायचे? दुसऱ्या दिवशी वर्गात या उत्तरांचा नुसता पाऊस पडे. एकाचे वडील गाडीतल्या भजनी मंडळात टाळ वाजवतात हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं. घरी त्याने त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. एकीच्या वडिलांना कंपनीत सगळे ‘मास्तर’ म्हणत, कारण ते जेवणाच्या सुट्टीत नव्या पोरांना हिशेब शिकवत. एकाने सांगितलं, ‘‘बाई, पप्पा म्हणाले हे तुला कोणी विचारायला सांगितलं? आणि मग एक तास बोलत बसले.’’

दसऱ्याच्या आसपास ही चौकशी सुरू झाली की आणखी एक गोष्ट हमखास हाती लागे. आमच्या मध्य रेल्वेवर रोज एकाच डब्यातून जाणाऱ्या माणसांचे गट असतात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सुमाराला, ही मंडळी आपल्या डब्याची पूजा करतात. झेंडूची तोरणं, रंगीत पताका, फुगे, देवाची तसबीर, पेढे. एरवी धक्के खात जाणारी ही मोठी माणसं आदल्या रात्री घरी बसून पताका कापतात, दोऱ्याला चिकटवतात आणि सकाळी पिशवीत घालून नेतात. मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असे, पण त्याकडे लक्ष दिलेलं नसे. वर्गात ते बोललं गेलं की त्यांचे चेहरे बदलत. म्हणजे बाबांनाही कात्री-कागद आवडतो! हौस त्यांच्यातही आहे, फक्त ती गाडीत जाते. उलट्या ओवाळणीला घरी खेळगडी मिळणार याची खात्री मला या पताकांनी दिली.

सगळ्यांत जास्त रंगली ती बाबांची सापशिडी. तिची सुरुवात कालनिर्णयमुळे झाली. १९७३ पासून मराठी घराच्या भिंतीवर असलेल्या या दिनदर्शिकेच्या पानावर चौकोन आयतेच आखलेले असतात. मुलांनी जुनी पानं आणली. त्यांवर आईने लिहिलेलं ‘दूध नाही’, ‘गॅस आला’ हे होतंच. एका पानावर आठवड्याआड ‘रात्रपाळी’ असंही लिहिलेलं होतं. एमआयडीसीत कामाला असलेल्या वडिलांचा सगळा महिना त्या मुलाच्या समोर उघडा होता. त्याने त्या पानाचाच पट केला. रात्रपाळीच्या चौकोनात साप काढले आणि सुट्टीच्या दिवशी शिडी. एक शिडी मात्र त्याने रात्रपाळीच्याच चौकोनातून वर नेली. विचारलं तर म्हणाला, ‘‘रात्रपाळी असली की पप्पा मला सकाळी शाळेत सोडतात.’’

सापशिडीचा मूळ पट आपल्या परंपरेत मोक्षपट म्हणून ओळखला जातो आणि तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडलेला आहे. त्यात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात, आणि वरच्या टोकाला मोक्ष. मी मुलांना एवढंच सांगितलं की पट म्हणजे कुणाच्या तरी वाटचालीचा नकाशा असतो. मग ते भराभर सुचवू लागले. पट रेल्वेचा करायचा. कल्याण ते सीएसएमटी धिम्या मार्गावर स्थानकं किती? कुणालाच सगळी येत नव्हती. घरी जाऊन, बाबांना विचारून यादी आणायची. बाबांनी बोटं मोजत म्हटलेली ती यादी दुसऱ्या दिवशी फळ्यावर आली: कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे, आणि तशीच पुढे चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद करत शेवटपर्यंत. दोन्ही टोकं धरून २६. सव्वीस चौकोनांचा पट ठरला.

याच वाटेवर देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदर ते ठाणे, सुमारे ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. हा इतिहास पाठ्यपुस्तकात होता, पण सापशिडीच्या निमित्ताने तो मुलांच्या घरातला झाला. ज्या रुळांवरून साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं गेली, त्याच वाटेने आपले बाबा रोज जातात, हे एका मुलाने पटाच्या कोपऱ्यात तीन छोटी इंजिनं काढून नोंदवलं. दुसऱ्याने पारसिकचा बोगदा काढला. १९१६ चा तो बोगदा मुंब्र्याचा वळसा वाचवतो आणि हा पट झाला त्या काळी फास्ट लोकल त्यातून जायच्या. पटावर त्याची सगळ्यांत लांब शिडी झाली.

साप कुठे आणि शिड्या कुठे हे ठरवताना वर्गात खरी मजा यायची. मेगाब्लॉक, हा साप. सिग्नल बिघाड, साप. पावसात कुर्ल्याला पाणी, सर्वांत मोठा साप, थेट घरी आणून सोडणारा. खिडकीची जागा, शिडी. मित्राने ठेवलेली जागा, शिडी. पण चौथी सीट? तीन माणसांच्या बाकावर कडेला टेकून बसण्याची ती जागा. मुलं म्हणाली, साप. अर्धं अंग बाहेर. पाडव्यानंतर शाळा उघडली तेव्हा कळलं की हा वाद घरोघरी झाला होता आणि बाबा लोक एकमताने दुसऱ्या बाजूला होते. ‘‘अरे, चौथी सीट मिळाली म्हणजे बसायला मिळालं! ती शिडीच.’’ एका घरात बाबांनी पेन घेऊन साप खोडला आणि स्वतः शिडी काढली. मुलीने तो पट वर्गात आणून दाखवला. तिच्या रेघांमध्ये बाबांची रेघ वेगळी उठून दिसत होती. तिसऱ्या नियमाचं याहून चांगलं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

सापशिडीशिवायही अनेक रूपं निघाली. एका वर्षी आम्ही घडीचं कागदी खेळणं केलं, जे एका बाजूने उलगडत गेलं की चार वेगळी चित्रं एकामागून एक दाखवतं आणि पुन्हा पहिल्यावर येतं. अरविंद गुप्तांच्या खेळण्यांच्या पुस्तकांमुळे ते मला ठाऊक होतं. चार चित्रं: बाबा पहाटे, बाबा वाटेत, बाबा कामावर, बाबा घरी. रिक्षावाल्या बाबांच्या मुलाने चारही चित्रांत रिक्षाच काढली, फक्त मागच्या सीटवर बसलेला माणूस बदलत नेला. चौथ्या चित्रात मागे तो स्वतः बसला होता. काहींनी रेल्वेचे पास केले. नाव, वय, ‘कुठून कुठे’, खाली शिक्का. आत लिहिलेलं: ‘रविवारी दुपारी झोप. या वेळेत टीव्हीचा आवाज बंद राहील.’ ‘एक वेळ पाय दाबून मिळतील.’ ‘गणिताच्या पेपरबद्दल न ओरडता एकदा ऐकून घ्यावे.’ हा शेवटचा पास कोणी कोणाला दिला आहे यावर वर्गात बराच वाद झाला. शेवटी बाबाही तो वापरू शकतात असं ठरलं. एका बाबांनी तो खरंच वापरला, असं नंतर त्या मुलानेच सांगितलं.

या कामात एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो आणि त्याचं उत्तर आधी तयार ठेवावं लागतं. वर्गात अशी मुलं असतात ज्यांचे वडील नाहीत, किंवा घर सोडून गेले आहेत, किंवा घरात आहेत पण त्यांच्याबद्दल मुलाला बोलायचं नाही. त्यांना बाजूला काढून दुसरं काम देणं मला मान्य नव्हतं. म्हणून वर्गाला सांगताना मी कधीच फक्त वडिलांबद्दल बोलले नाही. पाडव्याला आपल्या घरी पाटावर कोण बसावं, तुला कुणाला बसवायचंय, असं विचारलं. आजोबा आले, मामा आले, मोठा भाऊ आला. एका मुलाने पट आईचा केला. त्याची आई पहाटे पोळ्या लाटून देण्याचं काम करत असे आणि मग दुसरीकडे कामाला जाई. त्या पटावर एकही गाडी नव्हती, सगळे चौकोन जिन्यांचे होते. चार मजले चढायचे, चार उतरायचे. लिफ्ट ही त्याची शिडी होती आणि बंद पडलेली लिफ्ट हा साप. दुबईला असलेल्या एका वडिलांसाठी मुलीने पट दोन भागांत केला, अर्धा तिकडे पाठवला, अर्धा आपल्याकडे ठेवला, आणि फोनवर फासे टाकून दोघं खेळले. अशा मुलांच्या वस्तूंमध्ये जेवढी बारीक नजर असे तेवढी क्वचितच इतरांच्या वस्तूंत दिसे. ज्याच्या घरी पाटावर कोण बसणार हे आपोआप ठरत नाही, त्याने ते विचार करून ठरवलेलं असतं.

पोलीस, नर्सिंगचं काम करणारे, मोटरमन यांच्या घरी पाडवा बहुतेक वेळा पाडव्याला होतच नाही. दिवाळीत त्यांची ड्युटी असते. त्या मुलांना मी सांगत असे, वस्तू डब्यात ठेवा. म्हणजे अक्षरशः जेवणाच्या डब्यात, सर्वांत वरच्या पुडात, स्वच्छ कागदात गुंडाळून. बाबांनी दुपारी डबा उघडला की चकली-चिवड्याच्या आधी कोडं सुटलं पाहिजे. एका वडिलांनी ते आपल्या सगळ्या सहकाऱ्यांना सोडवायला लावलं आणि उत्तर चुकलेल्यांची नावं लेकीला कळवली.

मार्च २०२० मध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या आणि आमचा पट एकदम रिकामा झाला. त्या वर्षी मी मुलांना पडद्यावरूनच शिकवत होते. अत्यावश्यक सेवेतले बाबा कसेबसे कामावर जात होते, बाकीचे दिवसभर घरी. मुलांनी पट बदलले. चौकोन आता घरातल्या जागांचे होते: स्वयंपाकघराचा ओटा, गॅलरी, कपाटामागचा कोपरा जिथे रेंज येते. रेंज गेली, साप. मीटिंग रद्द, शिडी. बाबांनी भांडी घासली, शिडी, आणि ती आईने काढली होती. एका मुलाने शेवटच्या चौकोनात पगाराचं पाकीट काढलं आणि त्यावर प्रश्नचिन्ह. त्याच्या वडिलांचं काम सुटलं होतं. त्यांनी तो खेळ मुलाशी पूर्ण खेळला, हे मला त्याच्या आईने फोन करून सांगितलं. काम सुटल्यापासून ते कुणाशी फार बोलत नव्हते. त्या प्रश्नचिन्हावर मात्र ते मुलाशी बोलले. घरची खरी परिस्थिती मुलाला कळते आहे आणि त्याची त्याला लाज वाटत नाही, हे त्यांना त्या पटाने सांगितलं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ठाण्यात शनिवारी मुलांचा छोटा हस्तकला वर्ग घेते. इथले बरेच बाबा मोटारीने घोडबंदर रोडवरून जातात, काही घरूनच काम करतात. ज्या वागळे इस्टेटमध्ये, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या पहिल्या वसाहतीत, या मुलांचे आजोबा यंत्रांवर उभे राहत, तिथल्या काचेच्या इमारतींत काही बाबा आज संगणकावर बसतात. त्यामुळे इथली मुलं कधीकधी दोन पिढ्यांचा पट करतात, एका बाजूने आजोबा निघतात, दुसऱ्या बाजूने बाबा. दोघं मध्ये कुठे भेटतात ते फासे ठरवतात. आजोबांकडून माहिती काढताना बाबाही शेजारी येऊन बसतात, कारण त्यांनीही ते कधी विचारलेलं नसतं. साप आणि शिड्या पूर्ण बदलल्या आहेत, विचारण्याची गरज तीच आहे.

एवढ्या वर्षांच्या कामातून मला एक गोष्ट ठाम कळली आहे. वडिलांवर मुलांचं प्रेम असतं, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. पण प्रेम असलं तरी माहिती असतेच असं नाही. आई घरात दिसते, तिचं काम डोळ्यांसमोर चालतं. बाबांचा दिवस बहुधा घराबाहेर जातो आणि रात्री ते त्याबद्दल बोलत नाहीत. दमलेले असतात, आणि त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटतं. मुलाने पुठ्ठा आणि कात्री घेऊन त्या दिवसाबद्दल विचारलं की बाबांना पहिल्यांदा समजतं की आपल्या दिवसात कुणाला रस आहे. खेळ असल्यामुळे दोघांनाही बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसून ‘तुम्ही आमच्यासाठी किती कष्ट करता’ असं म्हणणं मुलाला जमत नाही आणि ऐकणं बापाला. ‘कुर्ल्याला साप किती मोठा काढू?’ हे दोघांनाही जमतं, आणि त्यातच सगळं विचारून होतं.

म्हणून यंदाच्या पाडव्यासाठी पालकांना माझं एक मनापासून सांगणं आहे. शाळेने करून घ्यावं म्हणून थांबू नका. दसरा झाला की आईने किंवा आजीने मुलांच्या हातात जुनं कॅलेंडर द्यावं आणि प्रश्न सुचवावेत, उत्तरं सुचवू नयेत. वस्तू वाकडी झाली तर ती सरळ करू नका. वाकड्या रेघेवरून बाबा ओळखतात की कुणी काढली. मोठ्यांनी मदत करायचीच तर फक्त कापताना. आणि बाबांना माझी विनंती ही, की मुलाने विचारलं तर ‘काही नाही रे, नेहमीचंच’ एवढं म्हणून सोडून देऊ नका. गाडीची वेळ सांगा, डब्यातल्या मित्रांची नावं सांगा, हातावरचा डाग कशाचा ते सांगा. ओवाळून झाल्यावर पट समोर आला की पाटावरून उठण्याची घाई न करता एक डाव पूर्ण खेळा, आणि एखादी शिडी चुकली असेल तर पेन घेऊन स्वतः बदला. पुढच्या वर्षी मुलगा नवा पट करेल, कारण तुमचा दिवस बदललेला असेल आणि त्याला तो आता ठाऊक असेल.